ताबा पुढच्या दिवाळीत

२०१९ च्या दसऱ्याला आम्ही बुक केलेल्या नव्या फ्लॅटसाठी फ्रिज घेतला. दुकानदार ओळखीतला. म्हणाला, "ताबा मिळाला की फोन करा, तोवर गोडाऊनला राहू दे." ताबा दिवाळीत मिळणार होता, म्हणजे प्रश्न तीन आठवड्यांचा. जानेवारीत त्याचाच फोन आला, "साहेब, जागा लागतेय, काय करू?" शेवटी फ्रिज आमच्या चिंचवडच्या भाड्याच्या घरी आला. स्वयंपाकघरात घरमालकाचा फ्रिज होता, म्हणून आमचा हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, खोक्यासकट. आलेला पाहुणा विचारायचा, "हे काय?" बायको सांगायची, "नवं घर."

चावी मिळाली २०२२ च्या जूनमध्ये. तोवर फ्रिजची वॉरंटी संपली होती.

मधल्या अडीच वर्षांत मी आधी चिडलो, मग साइटवर खेटे घातले आणि बऱ्याच उशिरा कागद वाचायला बसलो. क्रम उलटा असता तर बरंच वाचलं असतं. म्हणून आता ओळखीत कुणाचं पहिलं घर रखडलं आणि तो माझ्याकडे आला, की मी आधी एकच विचारतो: "करारनामा कुठे आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "बँकेत."

मूळ प्रत बँकेत असते हे खरं. पण नोंदणीच्या वेळी झेरॉक्स किंवा स्कॅन घेऊन ठेवता येतो, आणि राहून गेला असेल तर बँकेकडून प्रत मागता येते, दुय्यम निबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कलही काढता येते. ती हातात आल्याशिवाय बिल्डरला एक शब्द बोलू नये. कारण भांडण तारखेवरून असतं, आणि एका घराला तारखा तीन असतात.

तीन तारखा

पहिली तारीख सेल्स ऑफिसमधली. आमच्या बाबतीत "दिवाळी २०१९, सर, आरामात!" ही तारीख चहाबरोबर मिळते आणि तिची किंमतही साधारण तेवढीच. अर्थात माहितीपत्रकात, ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी असेल तर जपून ठेवावी, खोट्या आश्वासनाचा पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. पण निकाल तिच्यावर लागेल अशा भरवशावर राहू नये.

दुसरी तारीख करारनाम्यातली. आमच्या करारात, जानेवारी २०१७ मध्ये नोंदवलेल्या, ती ३१ डिसेंबर २०१९ होती. ती सापडायला मला वीस मिनिटं लागली. "सदर सदनिकेचा ताबा" असं शोधत जायचं. तिच्या खालचा परिच्छेदही वाचायचा, कारण सहा महिन्यांची वाढीव मुदत किंवा "बिल्डरच्या नियंत्रणाबाहेरील कारणे" तिथे दडलेली असतात.

तिसरी तारीख महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरची. हे प्राधिकरण ज्याच्यामुळे आलं तो रेरा कायदा २०१६ चा, पण पूर्णपणे लागू झाला १ मे २०१७ पासून. त्या वेळी काम चालू असलेल्या, पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या प्रकल्पांनाही नोंदणी करावी लागली, आणि नोंदणी करताना बिल्डरनं नवी तारीख स्वतःच भरायची होती. साहजिकच सगळ्यांनी ऐसपैस तारखा भरल्या. आमच्या बिल्डरनं भरली ३० जून २०२१. पुढची दोन वर्षं ऑफिसातला मॅनेजर आम्हाला तीच दाखवत होता. "रेराची तारीख बघा ना सर, अजून वेळ आहे."

इथे बहुतेक लोक गप्प बसतात. आम्हीही बसलो. पण मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्सच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं होतं: नोंदणीच्या वेळी नवी तारीख द्यायची मुभा बिल्डरला मिळाली, याचा अर्थ ग्राहकाबरोबरचा करार पुन्हा लिहिला गेला असा होत नाही. उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासून. रेराची तारीख बिल्डर आणि महारेरा यांच्यातली, करारातली तारीख बिल्डर आणि तुमच्यातली. हे एवढं कळलं तरी मॅनेजरच्या टेबलासमोरची खुर्ची जरा ताठ होते.

कोरोनाचंही असंच. महारेरानं मे २०२० मध्ये प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले, ते १५ मार्च २०२० किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्यांना. आमची करारातली तारीख त्याच्या अडीच महिने आधी उलटली होती. तरीही २०२१ भर आम्हाला "कोविड सर, कोविड" हेच ऐकू आलं.

करारात तारीखच नसेल तर? रेराच्या आधीच्या जुन्या करारांत असं सापडतं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका मुंबईच्या प्रकरणात तीन वर्षं हा वाजवी काळ धरला होता.

स्लॅब भराभर का पडतात

आमची अकरा मजली इमारत अठरा महिन्यांत वरपर्यंत गेली. दर रविवारी आम्ही जायचो, बायको बोट दाखवून आईला व्हिडिओ कॉलवर सांगायची, "ते बघ, सातवा मजला, ती कोपऱ्यातली खिडकी." खिडकी नव्हतीच, नुसतं भोक. मग सांगाडा पूर्ण झाला आणि साइट शांत झाली. सहा महिने एक मिक्सर आणि चार माणसं.

याचं उत्तर पैशाच्या टप्प्यांत आहे. महाराष्ट्राच्या नियमांबरोबर जो नमुना करारनामा आला, त्यात रक्कम कधी किती घ्यायची याच्या कमाल मर्यादा ठरलेल्या आहेत. करारनामा होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत. जोतं, म्हणजे प्लिंथ, झालं की ४५. सगळे स्लॅब पडले की ७०. भिंती, आतलं प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या झाल्या की ७५. नळ-संडासाचं सामान, जिने, लिफ्टच्या विहिरी, लॉबी झाल्या की ८०. बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वगैरेला ८५. लिफ्ट, पंप, वीज, प्रवेशद्वार झालं की ९५. आणि ताबा देताना शेवटचे ५.

आता हे बिल्डरच्या जागी बसून वाचा. स्लॅबपर्यंत ७० टक्के हातात येतात. त्यानंतर खिडक्या, फरश्या, दारं असली किचकट, महागडी, दहा ठेकेदारांवर अवलंबून असलेली कामं, आणि त्या टप्प्याला मिळतात फक्त ५. ज्याच्याकडे पैसा खेळता आहे तो हे काम वेगानं उरकतो. ज्यानं आधीचा पैसा पुढच्या जमिनीत घातला, त्याची साइट इथे येऊन झोपते. म्हणून स्लॅब मोजून ताब्याचा अंदाज बांधू नका. प्लास्टरवाले किती आहेत आणि खिडक्यांच्या चौकटी साइटवर उतरल्या का, हे बघा. आमच्या साइटच्या वॉचमननं हे मला एका वाक्यात सांगितलं होतं: "साहेब, सेंट्रिंगवाले गेले, गवंडी आले नाहीत." स्लॅबचे साचे लावणारे गेले, भिंती-प्लास्टरवाले आलेच नाहीत, हा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पैसा असा वळवला जाऊ नये म्हणूनच रेरानं अट घातली, की ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायची आणि काम झालं त्या प्रमाणातच काढायची, तेही वास्तुविशारद, अभियंता आणि सीए यांच्या दाखल्यांवर. हे दाखले आणि दर तिमाहीचा प्रगती अहवाल महारेराच्या संकेतस्थळावर असतो. 'पी'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक टाकला की सापडतो. जाहिरातींवर आता क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला तरी चालतं. आपल्या विंगची नोंदणी बघा, शेजारच्या विंगची नव्हे. एकाच गेटच्या आत चार वेगळे प्रकल्प नोंदवलेले असू शकतात आणि चौघांच्या तारखा वेगळ्या.

बिल्डर प्रत्येक वेळी लबाडच असतो असं मात्र नाही. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींचा प्रश्न सुटेना म्हणून उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी द्यायला मनाई केली, ती मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून सैल केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी कोलमडली आणि बिल्डरांना कर्ज देणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांनी हात आखडले. ही कारणं खरी आहेत. पण यातली बरीचशी बिल्डरच्या धंद्यातली जोखीम आहे. रेरा कायदा निसर्गाची आपत्ती, युद्ध, पूर, दुष्काळ, आग, वादळ, भूकंप यांना अपरिहार्य मानतो. पैसे आटले हे त्या यादीत नाही.

आणि एक कारण असं, जे कुणी तोंडाने सांगत नाही: वाढीव मजले. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रासाठी एकत्रित विकास नियमावली आली आणि एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं याची, गणितं बदलली. आमचा बिल्डर २०२१ मध्ये संमतीपत्रं घेऊन आला. अकराचे चौदा मजले. मंजूर आराखड्यात असा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. कागद दोन पानी, वर गोड भाषा, क्लबहाऊसचं चित्र. आमच्यातल्या एका काकांनी, आयुष्यभर महसूल खात्यात कागद वाचलेले, चष्मा वर सारून दुसऱ्या पानावर बोट ठेवलं. सहावा मुद्दा: "सुधारित ताबा दिनांक सदनिकाधारकास मान्य असून त्याबाबत कोणतीही हरकत राहणार नाही." मजल्यांच्या नावाखाली तारीख सोडून दिली जात होती. तोवर एकोणीस जणांनी सह्या केल्या होत्या.

महिन्याचा हिशोब

उशिराची किंमत लोक "मनस्ताप" या शब्दात मोजतात. ती रुपयांत मोजा, कारण समोरचा रुपयांत मोजत असतो. गोल आकडे घेऊ. फ्लॅट ६० लाखांचा, स्वतःचे २० लाख, कर्ज ४० लाख. ७० टक्के, म्हणजे ४२ लाख, बिल्डरकडे गेले. बँका आधी तुमचा हिस्सा भरायला लावतात, म्हणून त्यात २० तुमचे आणि २२ कर्जाचे. व्याजदर ९ टक्के धरला तर या २२ लाखांवर महिन्याला १६,५०० रुपये नुसतं व्याज. यालाच प्री-ईएमआय म्हणतात. ईएमआय या शब्दामुळे कर्ज फिटतंय असं वाटतं, पण मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नाही. वर घरभाडं १८,००० धरा. एकूण ३४,५००. तीस महिन्यांचे १० लाख ३५ हजार. यात अकरा महिन्यांनी वाढणारं भाडं, दलाली आणि सामान हलवणं धरलेलं नाही.

या ओझ्यावर कायद्याचं उत्तर म्हणजे रेराचं कलम १८. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहकापुढे दोन दारं असतात. प्रकल्पातून बाहेर पडा आणि भरलेली रक्कम व्याजासह परत घ्या. किंवा प्रकल्पात राहा, आणि प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्या. निवड ग्राहकाची. महाराष्ट्रात हा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात वरचा एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा आधारभूत दर) अधिक २ टक्के. समजण्यासाठी ११ टक्के धरू. ४२ लाखांवर महिन्याला ३८,५०० रुपये, तीस महिन्यांचे साडेअकरा लाख. म्हणजे दुहेरी ओझ्याची भरपाई साधारण होते. हाच दर ग्राहकानं हप्ता थकवला तर त्यालाही लागतो. पूर्वी करारात ग्राहकाला २४ टक्के आणि बिल्डरला चौरस फुटामागे पाच रुपये अशी मजा असायची, ती या कायद्यानं संपवली.

आता दारं दोन आहेत म्हणजे दोन्ही सारखीच उघडतात असं नाही. इमारत प्लास्टरच्या पुढे गेली असेल तर माझं मत राहण्याच्या बाजूनं. परत मिळालेल्या पैशात तेच घर पुन्हा त्या भावात मिळत नाही. खड्डाच असेल, किंवा दोन वर्षं प्लिंथच्या वर काही गेलं नसेल, तर बाहेर पडायचा निर्णय लवकर घ्यावा, बिल्डरच्या खिशात काही शिल्लक आहे तोवर. बाहेर पडताना मुद्रांक शुल्क विसरू नका. करार रद्द केल्याचा दस्त नोंदवल्यानंतर परताव्याचा अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो, आणि इतक्या कटकटीनंतर हा अर्ज लोकांच्या डोक्यातूनच जातो.

तक्रार, आणि आदेशानंतरची शांतता

महारेराकडे तक्रार ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये, वकील लागतोच असं नाही. करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा गोषवारा), पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचं विवरण, बिल्डरचे ईमेल, सगळं तारखेच्या क्रमानं लावलं की अर्धं काम झालं. त्याआधी सलोखा मंचाचा रस्ता आहे. ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डर संघटनेचा एक प्रतिनिधी मध्ये बसतो, दोन्ही बाजू तयार असतील तर तडजोड होते. महारेराऐवजी ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. रेरा आल्यानं तो रस्ता बंद झालेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग.

आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असं मात्र समजू नका. बिल्डर अपील करू शकतो. पण त्यासाठी त्याला आधी रक्कम भरावी लागते, ही कायद्यातली फार शहाणी अट आहे. त्यानं पैसे दिलेच नाहीत तर महारेरा वसुली वॉरंट काढतं, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथून तहसीलदारांनी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ती वसुली करायची असते. तहसील कचेरीत निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, दाखले यांच्या गठ्ठ्यात तुमचं वॉरंट बसतं. त्याचा पाठपुरावा करावाच लागतो, आणि तो महिन्यांचा असतो.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे कंपनी दिवाळखोरीत जाणं. तिथे स्थगिती लागते आणि वसुली थांबते. २०१८ पासून घर घेणाऱ्यांना वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखं कंपनीला पैसे देणारे, मानलं जातं, त्यामुळे धनकोंच्या समितीत त्यांचा आवाज असतो. पण वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आली की ठरलेल्या मुदतीत दावा दाखल करायला हवा. "आमचं नाव बिल्डरच्या यादीत आहेच की" या भरवशावर बसणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

आमच्या इमारतीतल्या एकशे बारांपैकी त्रेचाळीस जण एकत्र आलो. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ज्यावर पहिले चार महिने नुसत्या शिव्या आणि सुप्रभात. मग महसूलवाल्या काकांनी एक वही केली: कोणाचा करार कधीचा, किती भरले, तारीख कोणती, संमतीपत्रावर सही आहे का. वही झाल्यावर ग्रुपचा सूर बदलला. बिल्डर एकेकट्याला बोलावून "तुमचं पार्किंग फ्री करतो, बाकीच्यांना सांगू नका" असं म्हणायचा. वहीत ते पार्किंग तेरा वेळा लिहिलं गेलं. जागा होत्या नऊ.

थांबताना

रागानं बँकेचा हप्ता थांबवू नका. कर्ज तुमचं आणि बँकेचं, बिल्डरच्या पापाची शिक्षा सिबिल स्कोअरच्या रूपानं तुम्हालाच होते. बिल्डरच्या बाबतीत मागणीपत्र आलं की त्या टप्प्याचा वास्तुविशारदाचा दाखला मागा, टप्पा खरंच झाला असेल तर पैसे द्या. नाही तर उद्या तो म्हणेल, ग्राहकांनीच पैसे थकवले. आणि "थोडे आगाऊ द्या, काम पटकन होईल" याला सरळ नाही म्हणा. टप्प्याआधी दिलेल्या पैशानं आमची एकही खिडकी लवकर बसली नाही.

उशीर वर्षाच्या पुढे जाणार असं दिसलं आणि ओढून-ताणून जमत असेल, तर बँकेला सांगून पूर्ण ईएमआय सुरू करा किंवा दिवाळीच्या बोनसमधून थोडं मुद्दल भरा. माझ्या दृष्टीनं प्री-ईएमआय लांबवत राहणं हे भाड्यावर भाडं भरण्यासारखंच आहे. भाड्याच्या घराचा करार करताना, मधेच सोडायची नोटीस एक महिन्याची ठेवा. आम्ही ती तीन महिन्यांची करून बसलो आणि चावी मिळाल्यावरही तीन महिने दोन्हीकडचा खर्च सोसला. मुलांचा शाळाप्रवेश नव्या घराच्या भरवशावर घेऊ नका. आमच्या शेजाऱ्यांनी घेतला, आणि त्यांची पोरगी दोन वर्षं जुन्या घरून, मोशीहून, उलट्या दिशेला बसनं गेली.

आयकराची एक मेख फार थोड्यांना आधी कळते. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण अट अशी की कर्ज घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण व्हायला हवं. नाही झालं तर मर्यादा ३०,००० वर येते. आमचं कर्ज फेब्रुवारी २०१७ चं. पाच वर्षं संपली ३१ मार्च २०२२ ला. भोगवटा प्रमाणपत्र आलं मे महिन्यात. महारेराकडच्या तडजोडीत हा तोटा कुणीच मांडला नाही, कारण तोवर आमच्यापैकी कुणाला तो ठाऊकच नव्हता.

चावी हातात येताना

भोगवटा प्रमाणपत्र. याला सगळे ओसी म्हणतात आणि ताब्याच्या गडबडीत सगळे विसरतात. अग्निशमन दलाचा दाखला, लिफ्टचा परवाना, पाणी आणि ड्रेनेजची जोडणी हे सगळं झाल्यावर पालिका ते देते, आणि तेव्हाच ते घर कायद्यानं राहण्याजोगं ठरतं. ओसी रेंगाळलं की बिल्डर "फिट-आउटसाठी चावी घ्या, फर्निचर तर करा" असं सुचवतो. हे ऐकायला फार गोड लागतं. भाडं भरून थकलेला माणूस तिथेच घसरतो. पण चावी घेतलीत की उशिराचं मीटर थांबल्याचा दावा बिल्डर करणार, पाणी टँकरचं येणार आणि ओसी कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत लोक वर्षानुवर्षं राहिले, आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा मजल्यांवरची घरं रिकामी करायला सांगितली. ते टोकाचं उदाहरण आहे, पण ओसीशिवाय राहणं म्हणजे काय हे त्यातून कळतं.

ओसी आल्यावर मात्र उगाच ताणू नये. त्यानंतर दोन महिन्यांत ताबा घेणं ही ग्राहकाचीही कायदेशीर जबाबदारी आहे. किरकोळ दुरुस्त्यांची यादी लेखी द्या आणि ताबा घ्या. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी पाच वर्षं बिल्डरवर राहते.

आम्हाला ताबापत्र दिलं तेव्हा सोबत एक हमीपत्र होतं. "विलंबाबाबत माझी कोणतीही तक्रार अथवा मागणी राहिलेली नाही." सही केल्याशिवाय चावी नाही, असं टेबलावरच्या मुलीनं सांगितलं. तिचं वय असेल बावीस-तेवीस, सकाळपासून ती हेच सांगत होती. सलोखा मंचात आमची तडजोड आधीच झाली होती: कोरोनाचे सहा महिने आम्ही सोडले, उरलेल्या चोवीस महिन्यांचं व्याज शेवटच्या हप्त्यातून आणि मेंटेनन्सच्या ठेवीतून वळतं होणार होतं, आणि बाकीच्या रकमेचे पुढच्या तारखांचे धनादेश. पण वळतं करून झालेलं बिल अजून आलं नव्हतं. काकांनी हमीपत्र तिच्याकडे परत सरकवलं. "बाळ, आधी बिल. मग आमचे धनादेश. मग हे." ती आत गेली. दीड तास आम्ही त्रेचाळीस जण सॅम्पल फ्लॅटच्या सोफ्यांवर आणि जिन्यात बसून होतो. कुणीतरी वडापाव आणले.

बिलं पावणेपाचला आली. माझ्या बिलात जीएसटीची एक ओळ चुकीची होती, ती पेनानं खोडून शिक्का मारून घेतला. फ्रिज त्याच आठवड्यात हलवला. खोकं उघडलं तेव्हा कळलं, दार उघडतं त्या बाजूला नव्या किचनची भिंत येतेय.